‘तेयी’ चूक, ‘केयी’ बरोबर: उच्चार प्रकल्पाच्या नोंदी

जून ते सप्टेंबर २०२५. तापीकाठच्या अमळनेर–चोपडा भागातली एक प्राथमिक शाळा आणि तिला लागून असलेल्या दोन अंगणवाड्या. वार सोमवार आणि गुरुवार, प्रत्येक मुलाला उच्चारांच्या थेरपीची २५ मिनिटं. मुलांची नावं वहीत नाहीत, क्रमांकच आहेत.

१६ जून, सोमवार

शाळा आजच उघडली. शिक्षक आणि सेविकाताईंनी मिळून २३ मुलांची यादी दिली. शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांपुढे एकच शब्द: ‘बोबडा’. त्यातली दोन मुलं बोबडी नाहीत, तोतरी आहेत. ‘प-प-पाणी’ असं पहिलं अक्षर अडकतं, पण प स्वच्छ निघतो. तोतरेपणाचं काम वेगळं, त्यांची वही वेगळी केली. उरली २१.

जागा बदलली. पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मिळाली होती, पण कुकरच्या शिट्टीत स ऐकू येत नाही. वाचनालयाची खोली ठरली. पत्र्याचं छप्पर आहे, म्हणजे जोराचा पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद.

साहित्य: मूल बसल्यावर दोघांचेही चेहरे एकदम दिसतील असा ९ बाय १२ इंची आरसा, टॉर्च, घसा बघायच्या लाकडी चपट्या पट्ट्या, हातमोजे, दोन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ कागदाच्या पट्ट्या, कापसाच्या काड्या, स्ट्रॉ, दोन वाट्या आणि दहा चिंचोके. बरोबर उच्चाराला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत, म्हणजे मोजणी मुलाच्याच हातात राहते. सोबत रांगतं भावंड आलं तर चिंचोके उचलून ठेवायचे आणि बोटं मोजायची.

१९ जून, गुरुवार

आधी कान. मुलाच्या पाठीमागून, तोंडापुढे कागद धरून सहा ध्वनी म्हटले: आ, ई, ऊ, म, श, स. एकदा एक मीटरवरून, एकदा तीन मीटरवरून. मुलानं परत म्हणायचं किंवा ऐकू आल्यावर चिंचोका टाकायचा. ऊ आणि म खालच्या पट्टीतले, स सगळ्यात वरच्या पट्टीतला. स तेवढा चुकला आणि बाकी आले तर वरच्या पट्टीतली श्रवणक्षमता कमी असण्याची शक्यता असते. अशा मुलाला हाक ऐकू येते, म्हणून ‘कान चांगले आहेत’ असं घरचे ठामपणे सांगतात.

एका मुलाला तीन मीटरवरून स आणि श दोन्ही आले नाहीत, आणि डावा कान वाहतोय. त्याला कान-नाक-घसा तपासणीला पाठवलं. ऑडिओग्राम (किती ऐकू येतं याचा आलेख) येईपर्यंत उच्चाराचं काम नाही. ही चाचणी फक्त चाळणी आहे, ऑडिओग्रामची जागा ती घेत नाही. उरली २०.

२३ जून, सोमवार

चित्रं दाखवून नावं विचारली. एकूण ४० चित्रं. बाजारातला तक्ता बाजूला ठेवावा लागला. त्यात र ला ‘रथ’ आहे, आणि मूल त्याला ‘बैलगाडी’ म्हणतं, म्हणजे र तपासलाच जात नाही. रथाच्या जागी रोट (सणाच्या नैवेद्याची पोळी), कमळाच्या जागी कापूस. घागर, केळी, काकडी, साप, शेव, डोळा, चाक, चिमणी अशी मुलाच्या डोळ्यांपुढची नावं घेतली. च चे दोन शब्द मुद्दाम ठेवले: चाकातला च दातांमागचा, चिमणीतला च टाळूचा. मराठीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि एक जमतो म्हणून दुसरा जमतो असं नाही.

प्रकल्पाचा कळीचा मुद्दा आजच्या एका शब्दात सापडला. मूल १ (मुलगी, साडेपाच वर्षं) केळीच्या चित्राला म्हणाली, ‘तेयी’. शाळेच्या मराठीच्या मापानं दोन चुका: क चा त, ळ चा य. आजी दारात बसल्या होत्या. तेच चित्र त्यांना दाखवलं. आजी म्हणाल्या, ‘केयी.’

म्हणजे चूक एकच. ळ चा य ही चूक नाही, ती घरची बोली आहे. अहिराणीत आणि लेवा बोलीत काळा हा काया, डोळा हा डोया, सकाळ ही सकाय. ण चा न तसाच: पानी, कोन. मुलीनं य बरोबर उचलला आहे. कान शाबूत आहे, जीभ आज्ञेत आहे. तिला जमत नाही तो फक्त क.

म्हणून तपासणीच्या कागदावर आजपासून तीन रकाने: मूल काय म्हणालं, घरचं माणूस काय म्हणतं, फरक. उपचाराला फक्त तिसरा रकाना. घरचं माणूस म्हणजे दिवसभर ज्याच्याजवळ मूल असतं ते, बहुधा आजी. वडिलांना विचारलं की ते बाहेरच्या माणसासमोर ‘केळी’ असं जपून म्हणतात आणि रकाना बिघडतो. आजींनाही ‘हे काय आहे’ असं विचारायचं नाही, ‘बाजारातून काय आणलं होतं’ असं बोलण्याच्या ओघात काढायचं.

या रकान्यामुळे २० पैकी ९ मुलं यादीतून बाहेर पडली. त्यांच्यात फक्त ळ→य आणि ण→न आहे. आणखी चार मुलं चार वर्षांच्या आसपासची, फक्त र चा ल (‘लाजा’, ‘दाल’ म्हणजे दार). र उशिरा येणारा ध्वनी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. उरली ७.

एका शिक्षकांना नऊ मुलं वगळणं पटलं नाही: ‘अशुद्ध बोलतात हो.’ त्यावर एकच उत्तर. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं, आणि त्यांच्या कविता लेवा बोलीतल्या. त्या बोलीवर औषध नसतं. शाळेची मराठी शिकवायला हवीच, पण ते वर्गाचं काम आहे, थेरपीचं नाही. त्यासाठी ऑगस्टमध्ये वर्गात वेगळा तास घ्यायचं कबूल केलं.

२६ जून, गुरुवार

सातही मुलांचं तोंड टॉर्चनं पाहिलं. दात, टाळू, पडजीभ, जिभेखालचा दोरा.

‘जीभ जड आहे, दोरा कापून घेऊ का?’ हा प्रश्न सातपैकी चार घरांनी विचारला. तपासायची रीत: तोंड उघडं ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लागतं का बघायचं. चौघांचंही लागतं. शिवाय दोऱ्यामुळे अडलाच तर र, ल, ळ, ट यांसारखा टोक वर नेणारा ध्वनी अडेल. क तर जिभेच्या मागच्या भागानं होतो, त्याचा दोऱ्याशी संबंधच नाही. क साठी दोरा कापून आणलेलं मूल काकाला ‘ताता’च म्हणत राहतं.

मधात वेखंड उगाळून जिभेला लावणं दोन घरांत चालू आहे. बंद करायला सांगितलं. जीभ बधिर झाल्यानं उच्चार येत नाही, आणि वेखंडातला असारोन हा घटक पोटात जाऊ नये असा आहे. जिभेखाली सुपारी किंवा गोटी धरून बोलायला लावणं त्याहून वाईट, घशात अडकते.

मूल ७ चं निदान बदललं. प, ब म्हणताना नाकाखाली धरलेल्या लहान आरशावर वाफ येते. पडजीभ टोकाला दुभंगलेली, टाळूच्या मधोमध निळसर रेघ. वरची त्वचा सलग असली तरी आतले स्नायू जुळलेले नसण्याची दाट शक्यता. हे आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी पाहायचं. हवा नाकातून जात असताना प घोकून घेतला की मूल गळ्यातून झटका द्यायला शिकतं, आणि ती सवय शस्त्रक्रियेनंतरही सुटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चिठ्ठी दिली. उरली ६.

३ जुलै, गुरुवार

क आणि ग. मुलं १, २, ३. तिघंही क चा त, ग चा द करतात. मूल ३ फक्त शब्दाच्या सुरुवातीला चुकतं: काकाला ‘ताका’ म्हणतं, ‘नाक’ बरोबर म्हणतं. त्याच्याकडे क आहे, जागा चुकते. त्याला पट्टीची गरज नाही, शब्दांपासून सुरुवात.

मूल १ आणि २ साठी क्रम असा.

पहिले पाच मिनिटं फक्त ऐकणं. थेरपिस्ट त आणि क म्हणते, मुलानं क ऐकला की चिंचोका टाकायचा. वीसपैकी अठरा येईपर्यंत तोंड उघडायला सांगायचं नाही. ज्या कानाला फरक कळत नाही त्याच्या जिभेवर मेहनत वाया जाते.

मग पट्टी. मुलाला ‘त त त’ म्हणायला लावायचं. लाकडी पट्टीचं टोक जिभेच्या टोकावर, टोकापासून जेमतेम एक सेंटिमीटर आत. खाली, खालच्या दातांमागे हलकं दाबून धरायचं आणि मुलाला त च म्हणायला सांगायचं, क नाही. टोक वर जाऊ शकत नाही, म्हणून जिभेचा मागचा भाग वर जातो आणि तोंडातून क निघतो. ‘क म्हण’ म्हटलं की मुलाच्या डोक्यातला जुना हुकूम चालू होतो आणि जीभ पट्टीशी झटापट करते.

मूल १ ला सातव्या प्रयत्नात क आला. मूल २ ला आला नाही. त्याला चटईवर उताणं झोपवलं, मान किंचित मागे. जीभ आपल्या वजनानं मागे पडते. पाणी न घेता गुळण्या केल्याचा आवाज काढायला सांगितला. पाच-सहा वेळा खरखर, मग तीच खरखर एकदाच तोडायची: ‘अक्’. आला.

७ जुलै, सोमवार

मूल २ ला ओकारीची उबळ आली. पट्टी दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली होती. जीभ मागे ढकलायची नसते, टोक फक्त खाली धरायचं असतं. अशी उबळ एकदा आली की मूल पुढचे दोन दिवस तोंडच उघडत नाही. पट्टी बदलली: आता मूल स्वतःचं स्वच्छ धुतलेलं बोट वापरतं. टोकावर बोट, ‘त’ म्हण. बोट स्वतःचं असलं की आत जात नाही.

घरी काय झालं ते पाहून दुसरी दुरुस्ती. पालक ‘कऽऽ, कऽऽ’ म्हणून शिकवतात, त्यात अ लांबलेला असतो. मूल क आणि अ वेगळे शिकतं आणि शब्द म्हणताना जुना ध्वनी मधे घुसतो: ‘तकाका’. उपाय म्हणजे क कुजबुजून, आवाज न काढता म्हणायचा, नुसती हवा. तळहातावर हवेचा फटका लागला पाहिजे. मग लगेच ‘आ’: क्… आ. फट कमी करत जायची.

१४ जुलै, सोमवार

अक्षरांवरून शब्दांवर. स्वरांचा क्रम महत्त्वाचा आहे. का, को, कू आधी, की आणि के शेवटी. ई-ए म्हणताना जीभ पुढे सरकते आणि क ला परत त कडे ओढते. म्हणून ‘केळी’ हा मूल १ चा सगळ्यात कठीण शब्द आहे, पहिला नव्हे. घरच्यांना नेमका तोच आधी हवा असतो, कारण बाग केळीची.

शब्दाच्या शेवटचा क आधी घेतला: नाक, चाक, एक, फूक. शेवटचा अ बोलण्यात गळतो, म्हणून तिथे नुसता क् मिळतो आणि स्वराची कटकट नसते. नंतर मधला (काका मधला दुसरा), आणि सुरुवातीचा सगळ्यात शेवटी. मूल ३ चं उलटं चाललंय हे मुद्दाम लिहून ठेवलंय: त्याला शेवटचा येतोच. त्याच्यासाठी ‘नाक-काका’ असं जोडून म्हणायचं. नाकाच्या शेवटी जीभ मागे गेलेली असते, तिला तिथेच ठेवून पुढचा शब्द सुरू करायचा. तीन सत्रांत ‘एक काका’, ‘एक काकडी’ निघालं.

पुढच्या पायरीला जाण्याचा नियम: सलग दोन सत्रांत शंभरपैकी ऐंशी. एका सत्रात ऐंशी आले म्हणून पुढे गेलो की सोमवारी परत मागे यावं लागतं. २५ मिनिटांत ८० ते १०० उच्चार व्हायलाच हवेत. गोष्ट सांगण्यात, रंगवण्यात वेळ गेला आणि तीस झाले, तर ते सत्र फुकट.

२१ जुलै, सोमवार

जोड्यांचे पत्ते. गादी–दादी, काप–ताप, गाई–दाई. दोन-दोन चित्रं समोर. मूल जे म्हणेल तेच चित्र थेरपिस्टनं उचलायचं. गादी हवी असताना ‘दादी’ म्हटलं की दादीचं चित्र हातात पडतं. ‘चुकलं’ असं कुणी म्हणत नाही, वस्तूच चुकीची येते. मूल १ ला दोनदा दादी मिळाली, तिसऱ्यांदा तिनं स्वतःहून बोट तोंडात घातलं, जीभ दाबली आणि ‘गादी’ म्हटलं.

जोड्या निवडताना र टाळला. कार–तार, गोरी–दोरी या जोड्या दिसायला छान, पण ज्याला र पण येत नाही ते मूल दोन आघाड्यांवर लढतं. एका वेळी एकच.

२८ जुलै, सोमवार

स. मूल ४, सात वर्षं. स म्हणताना हवा बाजूंनी जाते, ओला फसफसता आवाज. पुढचा एक दात पडलेला आहे, म्हणून घरचे म्हणतात दात आला की सुटेल. जीभ दातांमधून बाहेर येऊन होणाऱ्या स बाबत हे थोडंफार खरं असतं, दात येईपर्यंत थांबता येतं. बाजूचा स वयानं सुटत नाही. तो लगेच हाती घ्यायचा.

ओळखायची रीत: स लांबवायला सांगायचं आणि दातांच्या मधोमध स्ट्रॉचं टोक धरायचं. हवा मधून असेल तर स्ट्रॉमधून सूं ऐकू येतं. स्ट्रॉ गालाकडे सरकवत जायची. मूल ४ ची हवा उजव्या सुळ्याजवळ सापडली.

इथे मराठीनं हात दिला. चाकातला च म्हणजे त आणि स चं जोडकाम. मूल ४ चा तो च स्वच्छ आहे. (चिमणीतला नाही. तो पण बाजूनं जातो.) म्हणून: ‘चाक’ म्हण, आता च सोडताना थांबव, ‘च्स्स्स्’. जीभ त च्या जागेवरून सुटते तेव्हा तिच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्याच असतात, आणि हवेला मधूनच जावं लागतं. स्ट्रॉ मधोमध, आवाज आला. दहापैकी चार.

फुगे, शिट्ट्या, मेणबत्ती विझवणं यातलं काही घेतलं नाही. फुंकण्यानं फुंकणं सुधारतं. स साठी स च म्हणावा लागतो.

३१ जुलै, गुरुवार

घरचा सराव. निंदणीचे दिवस, आया सकाळी आठला शेतात. सराव आजी किंवा मोठी बहीण घेणार हे धरूनच कागद केला. दहा चित्रं, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. जेवताना नाही, आणि चारचौघांत नाही.

बाकीच्या वेळी दुरुस्ती नको. मूल म्हणालं, ‘दाय आली’, तर आजींनी एवढंच म्हणायचं: ‘हो, गाय आली.’ बरोबर उच्चार एकदा कानावर पडू द्यायचा, परत म्हणायला लावायचं नाही. दिवसभर टोकलेलं मूल क असलेले शब्दच टाळायला लागतं, आणि मग तपासणीत चुका कमी दिसतात. ही फसवी सुधारणा ओळखायला एकूण किती शब्द बोललं तेही मोजावं लागतं.

रविवारी कानबाई, खानदेशातला देवीचा सण. क साठी कानबाई, र साठी रोट, दोन्ही चित्रं या आठवड्याच्या कागदात. सणाच्या दिवशी घरात हे शब्द पन्नासदा होतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

र. मूल ५ (साडेसहा) आणि मूल ६ (आठ). दोघंही र चा ल.

‘जीभ वर लाव’ या सूचनेचा उपयोग नाही. ल म्हणणाऱ्या मुलाची जीभ वरच आहे, जवळजवळ योग्य जागीच. फरक दोन आहेत. ल ला टोक चिकटून राहतं, र ला टोक आदळून लगेच सुटतं. आणि ल ला बाजूंनी हवा जाते, र ला बाजू बंद. म्हणून र ल पासून काढायचा नाही, द पासून काढायचा. द ला बाजू आधीच बंद असतात, फक्त टोक थोडं मागे, उंचवट्यावर घ्यायचं आणि आदळणं हलकं, झटपट करायचं.

क्रम: ‘अदा अदा अदा’, आधी सावकाश, मग जमेल तेवढं वेगात, जीभ सैल. पाच सेकंद म्हणायचं, पाच सेकंद विश्रांती, दहा फेऱ्या. जोर लावला की द च राहतो. गती वाढली आणि जोर कमी झाला की मधेच एखादा ‘अरा’ निसटतो. तो निसटला की लगेच थांबवून रेकॉर्डिंग ऐकवायचं. मुलाला आपण र म्हटला हे कळलेलंच नसतं.

दोन स्वरांमधला र सगळ्यात सोपा: वारा, चारा, दोरा, खारा. सुरुवातीचा र (रोट, रान, राख) शेवटी.

मूल ६ ला दहा मिनिटांनंतर उच्चार बिघडत गेला. जीभ थकते. र चं जिभेचं काम सलग दहा मिनिटांवर नाही, मधे ऐकण्याचे पत्ते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मूल ५ नं मोठ्या अभिमानानं ‘भुर्रर्र’ करून दाखवलं. आरशात पाहिलं तर ओठ थरथरत होते, जीभ खाली पडलेली. लहानपणापासून ‘चिऊ भुर्र’ म्हणून शिकवलेला हा र ओठांचा असतो. ओठ दोन बोटांनी हलके बाजूला धरले की खरं काय ते कळतं. धरल्यावर आवाज बंद, म्हणजे र नाही. गुण द्यायचे नाहीत, पण मुलाचा उत्साह ‘त्रा’ वर वळवायचा: ‘तदा तदा, त्रा’.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. र ची दोन्ही मुलं बैलाला घातलेली ‘ट्रर्र’ हाक घरी ऐकतातच. ट नंतर जीभ वर असतेच, तिथून र ला फार प्रवास नाही. मूल ६ ला ‘ट्रॅक्टर’ मधला पहिला र आला, दुसरा आला नाही: ‘ट्रॅक्टल’. जोडाक्षरातला र आधी येऊ शकतो, आणि ‘सोप्याकडून अवघडाकडे’ या कागदी क्रमाला इथे अपवाद करावा लागतो.

सराव बोलण्यात उतरवायला अहिराणीतलं रोजच्या वापरातलं वाक्य निवडलं: ‘काय करी ऱ्हायना?’ खेळ असा की मूल खिडकीत उभं, बाहेरच्या प्रत्येकाला हेच विचारायचं. एका वाक्यात दोन र, आणि वाक्य इतकं घरचं की मूल जपून बोलत नाही. मूल ५ चं पहिल्या दिवशी दहापैकी तीन. ‘तो काय करत आहे’ या प्रमाण वाक्यावर दहापैकी सात होते. हा फरकच सांगतो की खोलीतला र अजून खोलीतच आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

वर्गातला ळ चा तास, कबूल केल्याप्रमाणे. इयत्ता दुसरी. हा उपचार नाही हे मुलांसमोरच सांगितलं.

फळ्यावर दोन रकाने, ‘घरी’ आणि ‘शाळेत’. केयी–केळी, डोया–डोळा, काया–काळा, सकाय–सकाळ. डावीकडचे शब्द मुलांनी सांगितले. कुठलाही शब्द खोडला नाही.

ळ करायची रीत: जिभेचं टोक मागे वळवायचं, टोकाची खालची बाजू उंचवट्याच्या मागे टाळूला टेकवायची आणि पुढे झटकायची. जागा दाखवायला कापसाच्या काडीनं साखरपाण्याचा एक थेंब टाळूला लावला, मुलांनी टोकानं चाटायचा. ज्यांना तेही जमेना त्यांना ‘लऽऽ’ म्हणता म्हणता टोक टाळूवरून मागे ओढायला सांगितलं. आवाज जाड होत जातो, तिथे ‘आ’ जोडायचा: अळा. मग वेल–वेळ, माल–माळ, गाल–गाळ. ळ नं मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यातही ‘बाळ’च असतं.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन जास्तीच्या दुरुस्त्या दिसल्या, दोन्ही अपेक्षित.

मूल १ आता ताटाला ‘काट’ म्हणते. नवा क हातात आला की मूल तो त च्या जागीही वापरतं. दटावायचं नाही. त आणि क मिसळून पत्ते द्यायचे, दोन-तीन आठवड्यांत वाटा वेगळ्या होतात. आईनं घाबरून सराव बंद केला होता, तो परत सुरू केला.

दुसरीच्या वर्गात एक मुलगा गायीला ‘गाळ’ आणि पायाला ‘पाळ’ म्हणाला. घरच्या य चा शाळेत ळ होतो एवढा नियम त्याला कळला, कुठल्या य चा होतो ते अजून नाही. शिक्षकांना सांगितलं: गाय, पाय, माय हे दोन्ही रकान्यांत सारखेच लिहून दाखवा. हे एका तासात सुटणारं नाही, आणि मूल हुशार असल्याचं लक्षण आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

मूल ३ ला तीन आठवडे थेरपी दिली नव्हती. आज सरावात नसलेल्या वीस शब्दांवर तपासलं, एकोणीस बरोबर. बोलण्याचं रेकॉर्डिंग पाच मिनिटं, चुकीचा क एकही नाही. बंद केलं.

मूल २ पावरा या आदिवासी समाजातल्या घरातलं आहे. क आता शब्दांत येतो. बाकीच्या ध्वनींसाठी मराठी यादी त्याला लावायची नाही, आईकडून चाळीस वस्तूंची पावरी बोलीतली नावं रेकॉर्ड करून घेतली. तीच त्याची तपासणी-यादी.

मूल ४ चा स शब्दांत दहापैकी आठ, चिमणीतला च अजून बाजूनंच. मूल ६ ‘ट्रॅक्टर’ पूर्ण म्हणतं. मूल ५ चं खिडकीतलं वाक्य दहापैकी सहा.

कान वाहणाऱ्या मुलाचा ऑडिओग्राम आला नाही, सेविकाताई सोमवारी घरी जाऊन येतील. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर, त्याच ४० चित्रांवर. घागरीचं चित्र तेवढं बदलायचं, तीन मुलांनी त्याला हंडा म्हटलं.